भोक न पाडता खड्याचे पेंडंट: तांब्याच्या तारेची जाळी कशी करावी

टंबलरमध्ये (खडे घोळवून घासणाऱ्या यंत्रात) गुळगुळीत केलेल्या खड्याला ना भोक असते, ना धरायला कोपरा. तार कितीही घट्ट आवळा, ती घसरते. फारच जोर लावला तर तारच तुटते. खडा टिकतो तो चहूबाजूंनी अडवला गेल्यामुळे, शिंक्यात मडके राहते तसा. जाळीच्या एकाही फटीतून खडा निसटणार नसेल, तर तार जराशी सैल असली तरी चालते. म्हणून तारेला हात लावण्याआधी खडा नीट बघायचा.

खडा आणि तार

पहिल्या पेंडंटसाठी २० ते ३० मिलिमीटर लांबीचा, काहीसा चपटा आणि थोडा वेडावाकडा खडा निवडा. एखादा खळगा, बसका भाग किंवा खांद्यासारखा उंचवटा असेल तर तार तिथे आपोआप अडते. अगदी गोल खडे दिसायला सुंदर असतात, पण ते जाळीत फिरत राहतात. ते नंतरसाठी ठेवा.

अकीक, जास्पर, अमेथिस्ट, गुलाबी क्वार्ट्झ, टायगर आय हे सगळे क्वार्ट्झच्या कुळातले. मोह्स मोजपट्टीवर त्यांचा कठीणपणा साधारण ६.५ ते ७ असतो, त्यामुळे पक्कड चुकून घासली तरी सहसा ओरखडा उठत नाही. फ्लुओराइट (४) आणि कॅल्साइट (३) मात्र सहज खरचटतात. हात बसेपर्यंत ते बाजूला ठेवलेले बरे. काही खड्यांना चकाकीसाठी मेण किंवा तेल लावलेले असते. भांड्यांच्या साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, नाहीतर तार जास्तच घसरेल.

तार मऊ तांब्याची, ०.८ मिलिमीटर जाडीची घ्या. गेजच्या, म्हणजे तारेच्या जाडीच्या, नंबरावर भिस्त ठेवू नका. २० नंबरची तार अमेरिकन पद्धतीत ०.८१ मिलिमीटरची असते, तर ब्रिटिश एसडब्ल्यूजीमध्ये ०.९१ ची, आणि एवढ्याशा फरकानेही बोटांना बराच जास्त जोर लावावा लागतो. पितळेची तार ताठ असते, वाकवली की थोडी मागे येते, म्हणून शिकायला गैरसोयीची. रंगीत लेपाच्या तारेवर पकडीचा दाब पडला की लेप निघून आतले तांबे उघडे पडते. साधे तांबे सगळ्यांत क्षमाशील.

तांब्याचा एक स्वभाव मात्र लक्षात ठेवा: दरवेळी वाकवल्यावर ते थोडे ताठ होते. त्याच जागी पुन्हा पुन्हा पुढे-मागे केले तर तिथेच तुटते. एखादा वेढा चुकला तर एकदा सोडवून पुन्हा घालायला हरकत नाही, पण तिसऱ्यांदा नवी तार कापा.

हत्यारे तीनच: राउंड नोज प्लायर (गोल, निमुळत्या टोकांची पक्कड), आतून दाते नसलेला चेन नोज प्लायर (आतून सपाट, निमुळत्या टोकांची पक्कड) आणि फ्लश कटर (तार सपाट कापणारी कात्री). दाते असलेली पक्कडच हाताशी असेल तर तिच्या जबड्यांना कागदी चिकटपट्टी गुंडाळा. शिवाय बारीक कानस, दोरा, पट्टी आणि मार्कर लागेल. तार कापताना चष्मा घाला आणि सुटणारे टोक दुसऱ्या हाताने धरून ठेवा, कारण छोटा तुकडा उडून थेट डोळ्याकडे येऊ शकतो.

माप

खड्याच्या लांबीच्या दिशेने, तळापासून माथ्यावरून पुन्हा तळापर्यंत, दोरा फिरवून घेर मोजा. घेराची दीडपट करा आणि त्यात १५ सेंटिमीटर मिळवा. घेर ६.५ सेंटिमीटर भरला तर सुमारे २५ सेंटिमीटर होतात. एवढ्या लांबीच्या दोन तारा कापा. इथे काटकसर करू नका. वर आखूड टोके उरली की पक्कड नीट धरता येत नाही आणि शेवटचा वेढा कच्चा राहतो.

तारा कापडात धरून एकदोनदा ओढल्या की सरळ होतात. जास्त ओढल्या तर त्यासुद्धा ताठ होतात.

कृती

१. दोन्ही तारांच्या मध्यावर मार्करने खूण करा. खुणा एकमेकींवर ठेवून तारा फुलीसारख्या आडव्या-उभ्या धरा. पहिली तार दुसरीभोवती एक पूर्ण वेढा देऊन पुन्हा आपल्या दिशेने न्या. मध्ये छोटी गाठ आणि चार बाजूंना तारेचे चार हात, म्हणजे चार मोकळी टोके, तयार होतील. नुसती फुली ठेवली तर ती पुढे सरकते, म्हणून हा वेढा टाळू नका.

२. गाठ खड्याच्या तळाशी ठेवा. तळ निमुळता असेल तर टोकावर न ठेवता शेजारच्या बसक्या जागी बसवा. दोन हात पुढच्या बाजूने आणि दोन मागच्या बाजूने वर वळवा. चपट्या खड्याच्या कडेवरून सरळ तार नेण्याचा मोह होतो, पण कडेवर ती टिकत नाही.

३. तळापासून एक तृतीयांश उंचीवर डाव्या कडेला पुढचा डावा आणि मागचा डावा हात एकमेकांना एक पूर्ण पीळ द्या. उजवीकडेही तसेच करा. पीळ बोटांनीच द्यायचा. पकडीने दिला की तार दबून चपटी होते.

४. आता दोन तृतीयांश उंचीवर जोड्या बदला. पुढचे दोन हात एकमेकांत एक पीळ, मागचे दोन एकमेकांत एक पीळ. खडा अडतो तो या जोड्या बदलण्यामुळे. दोन्ही पीळ फक्त कडांनाच दिले तर पुढची फट पूर्ण खड्याएवढी रुंद राहते आणि खडा तिथून अलगद बाहेर येतो. कोणतीही फट खड्याच्या लांबीच्या दोन तृतीयांशांपेक्षा लांब नको.

५. चारही हात माथ्यावर मधोमध आणा आणि तिथून सरळ वर वाकवा. तारेच्या एका हाताने बाकीच्या तीन हातांभोवती दोन-तीन वेढे घाला. वेढे चिकटून चिकटून, खालून वर. टोक कापा आणि चेन नोज प्लायरने आत दाबा. मग तारेच्या दुसऱ्या हाताने त्याच्या वर एक-दोन वेढे घाला. ही झाली मान.

६. उरलेल्या दोन तारांची कडी करायची. राउंड नोज प्लायरच्या जाड भागावर दोन्ही तारा शेजारी-शेजारी धरून पुढून मागे वळवा, म्हणजे ४ ते ५ मिलिमीटरची कडी होईल. दिशा पुढून मागेच हवी. साखळी गळ्यावर डावीकडून उजवीकडे जाते. कडी डावीकडून उजवीकडे वळवलीत तर पेंडंट घातल्यावर कड पुढे करून उभे राहील. उरलेली टोके मानेभोवती दोन वेढे देऊन कापा. त्याआधी साखळीचे टोकाचे कुलूप कडीतून जाते का ते पाहा. अनेकदा साखळी जाते आणि कुलूप अडते.

७. टोके कानसेने गोल करून खड्याकडे दाबा. जुन्या मोज्यावर पेंडंट फिरवून बघा. जिथे धागा अडकेल तिथे अजून धार आहे.

घट्टपणा आणि तपासणी

खडा हलत असेल तर मान उसवू नका. मागच्या बाजूच्या तारेत चेन नोज प्लायरच्या टोकाने छोटा, झेड आकाराचा बाक काढा. तेवढीच तार आखडते आणि सगळी जाळी बसते. एका तारेला एकच बाक पुरे. जास्त काढले तर कडेचे पीळ सरकतात.

मग प्रत्येक फटीसमोर अंगठा ठेवून खडा उलट बाजूने ढकला आणि पेंडंट घडी केलेल्या टॉवेलवर जोरात हलवा. खडा कुठल्याही बाजूने एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकत असेल तर त्या फटीशेजारी बाक काढा.

पेंडंट पुढे कलत असेल तर कडी खड्याच्या जाडीच्या मध्यावर नाही. मान धरून हळूच त्या मध्याकडे वाकवा, पण एकदाच. मान नेहमी पहिल्या वेढ्याच्या अगदी खाली तुटते, कारण सगळा वाक त्याच बिंदूवर येतो.

याच जाळीचे कानातले

खडे १० ते १५ मिलिमीटरचे आणि तार ०.६ मिलिमीटरची घ्या. जोडीतले खडे रंगापेक्षा वजनाने जुळवा, नाहीतर एक कान ओढला जातो. कानात जाणारा हूक तांब्याचा नको. घामाने तांबे हिरवे पडते आणि जखमेच्या जागी त्रास देते. निकेलची ॲलर्जी असेल तर टायटॅनियम किंवा निओबियमचे तयार हूक लावा.

काळपटलेले तांबे

लिंबूरस आणि मीठ यांनी तांबे झटकन उजळते, पण आम्ल कॅल्साइट, मॅलाकाइट, लॅपिस लाझुली आणि फिरोजा यांना खराब करते. त्यांच्याभोवतीची तार सुक्या मऊ कापडानेच पुसा. क्वार्ट्झच्या कुळातल्या खड्यांना लिंबाने काही होत नाही. नंतर साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करा, कारण तारेखाली राहिलेले मीठ तांब्यावर हिरवे डाग पाडते. वापरात नसताना पेंडंट हवाबंद पिशवीत ठेवले तर काळवंडायला बराच जास्त वेळ लागतो.