किमो लागतेच का? तारीख घ्यायच्या आधी हे करा

ब्रेस्टच्या गाठीचं ऑपरेशन झालं, टाके निघाले की घरातला कोणीतरी किमोची तारीख घेऊन येतो, आणि बाई कापूस वेचायचा राहिला, सोयाबीन काढायचं राहिलं म्हणत गप बसून जाते. सगळ्याच बायांना किमो लागत नाही हो. पण कोणाला लागत नाही हे अंदाजाने ठरवायचं नसतं, काढलेल्या गाठीची जीनोमिक टेस्ट (गाठीतले जीन्स तपासून किमोचा फायदा होईल का ते सांगणारी) त्यात मदत करते. ती तुम्हाला लागू आहे का हे बघायला आधी फाईल काढा.

रिपोर्टमधे ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी गाठ), हर टू (गाठ वेगाने वाढवणारं प्रोटीन) निगेटिव्ह आणि काखेतल्या कॅन्सरच्या गाठी शून्य ते तीन, असं असेल तरच पुढचं वाचा. हर टू दोन प्लस असेल तर आधी फिश टेस्ट, तिनं हर टू आहे की नाही ते पक्कं होतं. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर टू तिन्ही निगेटिव्ह) किंवा हर टू पॉझिटिव्ह असेल तर ही जीनोमिक टेस्ट तुमच्यासाठी नाही, तिच्या नादात दिवस घालवू नका, औषध वेळेवर सुरू करा.

आता डॉक्टरांना सरळ विचारा, "गाठीची जीनोमिक टेस्ट केली तर तुमचा निर्णय बदलेल का?" नाही म्हणाले तर करू नका, कारण ऑन्कोटाइप नावाच्या या टेस्टचा खर्च लाखांत जातो आणि त्यासाठी वावर गहाण टाकायचं काही कारण नाही. याच कामाची बंगळुरूची कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही टेस्ट कमी पैशात होते, पण तिच्यामागे तेवढा मोठा अभ्यास नाही. सरकारी आरोग्य योजनेत बसते का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

ऑन्कोटाइप 21 जीन्स तपासून 0 ते 100 मधे स्कोअर देते. स्कोअर 20 म्हणजे आजार उलटायचे चान्स 20 टक्के असं बिलकुल नाही. 2018 मधे टेलर-एक्स या 10 हजारांवर बायांच्या अभ्यासाचा निकाल आला, काखेत पसरलं नसेल आणि वय पन्नाशीच्या पुढं असेल तर स्कोअर 25 पर्यंत हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांसोबत किमो देऊन जास्तीचा फायदा दिसला नाही, पन्नाशीच्या आत मात्र 16 ते 25 मधे थोडा दिसला. काखेत 1 ते 3 गाठी असतील तर पाळी गेली की चालू हे बघतात, चालू असेल तर 25 च्या आतही किमोचा फायदा दिसलाय. 26 किंवा त्याच्या वर साधारण किमो देतातच. म्हणून वय आणि पाळीचं खरंखरं सांगा, आपल्याकडे म्हाताऱ्या बायांचं आधारवरचं वय बरेचदा अंदाजेच टाकलेलं असतं.

सगळ्यात जास्त घोळ ब्लॉकचा होतो. ही टेस्ट रक्ताची नाही (रक्ताची असते ती बीआरसीए, ती घराण्यातून आलेला दोष बघते), ती काढलेल्या गाठीवर होते. गाठीचा तुकडा मेणात बसवून पॅथॉलॉजी लॅबमधे ठेवतात, तो ब्लॉक अर्ज देऊन मागा, नुसत्या स्लाईड घेऊन येऊ नका, नंबर रिपोर्टशी जुळवा आणि घेतल्याची नोंद ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवू नका, मेण आहे ते. आणि ऑपरेशन तालुक्यालाच होणार असेल तर गाठ लगेच फॉर्मॅलिनमधे (गाठ खराब होऊ न देणारं द्रव) टाकून पाठवा म्हणून आधीच सांगून ठेवा, उशीर झाला तर ईआरचा रिपोर्टही चुकू शकतो.

हे सगळं ऑपरेशन झाल्या झाल्या लावून धरा, कारण किमो लागणारच असेल तर ती महिना-दीड महिन्यात सुरू झालेली बरी.

आणि किमो टळली तरी टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलची गोळी रोज, कमीत कमी 5 वर्ष. स्कोअरचा सगळा हिशोब गोळी चालू आहे असं धरूनच केलेला आहे, त्यामुळे पेरणीच्या गडबडीत गोळ्या संपायच्या आधीच पुढच्या आणून ठेवा.