वळवाच्या दिवसांत फोनवरचा इशारा: कोणता आला की काय करायचं

कांदा काढून शेतात पडलाय, हळद वाळतेय आणि दुपारनंतर आभाळ भरून येतंय, अशा दिवसांत फोनवर येणारे सगळे इशारे एकाच मापाने घेऊ नयेत.

हवामान विभागाचा यलो, ऑरेंज, रेड हा इशारा जिल्ह्यासाठी असतो, तोही पुढच्या काही दिवसांचा. जिल्ह्यात यलो असूनही तुमच्या शिवारात थेंब पडणार नाही, असं होतंच. म्हणून तो खोटा ठरत नाही. ऑरेंज दिसला की फवारणी पुढे ढकला, माल ताडपत्रीखाली घ्या आणि ताडपत्रीच्या कडांवर माती ओढा. नुसते दगड वावटळीत टिकत नाहीत. शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी मेघदूत ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा पीकसल्लाही याच कामाचा.

पुढच्या तीन तासांचा इशारा, म्हणजे नाऊकास्ट, आला की लांबच्या रानात नवं काम काढू नका.

विजेसाठी मात्र दामिनी ॲप हवंच. हवामानाचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या आयआयटीएम या सरकारी संस्थेचं हे ॲप तुमच्यापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडतेय का, ते दाखवतं. त्याला इंटरनेट लागतं आणि लोकेशन चालू लागतं. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे ॲप मागे बंद पडतं आणि इशारा येतच नाही. ती सेटिंग दामिनीपुरती काढून टाका. इशारा वाजला की जनावरं झाडाखालून सोडवा, मोटारीच्या स्टार्टरला आणि तारेच्या कुंपणाला हात लावू नका, पक्क्या घरात जा. ढग आणखी जवळ येईपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात, मग ॲप गप्प का असेना. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

चौथा प्रकार टॉवरवरून थेट येणाऱ्या सेल ब्रॉडकास्टचा. 2023 मध्ये अनेकांचे फोन एकदम मोठ्याने वाजले, ती त्याचीच चाचणी होती. याला इंटरनेट लागत नाही, तुमचा नंबर कुठे नोंदवावा लागत नाही. फक्त सेटिंगमध्ये ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट’ चालू आहे का ते पाहून ठेवा. वैतागून बंद केलेला असण्याची शक्यता बरीच आहे. फोन विमान मोडवर असला किंवा टॉवरची वीज गेली, तर हाही पोचत नाही. घरात सेलवरचा रेडिओ असू द्या.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या इशाऱ्याची आधी तारीख बघा, मगच मजुरांना घरी पाठवायचं की नाही ते ठरवा.