जुलाबात बाळाला ओआरएस देताना या चुका टाळा

माझा मुलगा अकरा महिन्यांचा होता. सकाळपासून पाच वेळा पाण्यासारखी शी झाली, म्हणून मी ओआरएसची पुडी आणली. त्यातली चमचाभर पावडर स्टीलच्या पेल्यात अंदाजाने ढवळली. त्याने तोंड वाकडं केलं म्हणून वरून साखर घातली आणि उरलेली पुडी दुमडून, रबर लावून फ्रीजवर ठेवली. संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती मोजलंत?" मी गप्प बसले, कारण मोजलंच नव्हतं.

ओआरएसचं सगळं काम त्या मापावर चालतं. आतड्यात मीठ आणि ग्लुकोज जोडीने शोषलं जातं आणि त्यांच्यामागून पाणी जातं. साखर वाढली की उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात. मिश्रण दाट झालं तर रक्तातलं मीठ धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं, आणि फार पातळ झालं तर गेलेले क्षार भरून निघत नाहीत. म्हणून पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या. मोठी पुडी साधारणपणे 1 लिटरची असते, लहान 200 मिलीची. पुडी अर्धी करू नका. पावडरीतलं मीठ-साखर दोन्ही भागांत सारखं येईलच असं नाही. घरात माप नसेल तर बाजारात मिळणारी लिटरची पाण्याची बाटली हेच माप. पाणी आधी उकळून गार करा, मग पावडर घाला. पावडर घातल्यावर उकळायचं नाही. झाकून ठेवा आणि 24 तासांनी उरलेलं ओतून द्या.

चव आवडते म्हणून बाळाला खोक्यातलं गोड पेय ओआरएस समजून देऊ नका. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली, ती याच गोंधळामुळे. ग्लुकोज पावडरही ओआरएसच्या जागी चालत नाही.

"पाजलं की उलटी करतो" म्हणून बरेच जण ओआरएस बंदच करतात. दहा मिनिटं थांबा, मग वाटी-चमच्याने दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्या. हात दुखतो, कंटाळा येतो, पण पोटात टिकतं ते असंच. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातूनच हे मिश्रण पाजून असंख्य जीव वाचवले. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिली, म्हणजे साधारण पाव ते अर्धा कप लागतं.

आमच्याकडे आजी म्हणायच्या, "पोटाला आराम दे." मायेपोटीच म्हणायच्या, पण उपाशी बाळ आणखी थकतं. अंगावरचं दूध चालूच ठेवा, उलट जास्त वेळा पाजा. वरचं खाणारं मूल असेल तर मऊ वरण-भात, खिचडी, दही, केळं थोडं थोडं द्या.

जुलाबात डॉक्टर झिंकची गोळी देतात, पण जुलाब थांबले की बरेच जण ती बंद करतात. ती पूर्ण 14 दिवस द्यायची असते, किती ते डॉक्टर वयानुसार सांगतील. मोठ्यांची जुलाब थांबवणारी गोळी तर बाळाला कधीही नाही; त्याने आतडंच सुस्त होऊ शकतं. घरात उरलेलं अँटिबायोटिकही आपल्या मनाने देऊ नका.

आणि "दात येताहेत, होणारच जुलाब" हे तर मनातून काढूनच टाका. त्या वयात मूल दिसेल ते तोंडात घालतं, जंतू तिथून जातात. या समजुतीपायी दोन-दोन दिवस वाया जातात.

बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल तर घरी प्रयोग न करता थेट दवाखाना गाठा. डोळे किंवा डोक्यावरची टाळू खोल गेली, रडताना अश्रू नाहीत, शीतून रक्त पडतंय, बाळ मलूल पडलंय किंवा पाणीच पीत नाही, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. शू होऊन सहा तास उलटले तरीही. शेवटची शू किती वाजता झाली ते कागदावर लिहून ठेवा. डॉक्टर ते विचारणारच, आणि धावपळीत नेमकं तेच आठवत नाही.