चिनी 'ता' एकटा पाठ करू नका

चिनी शिकताना 'ता' म्हणजे मारणे असं वहीत लिहून ठेवलं की पुढच्याच धड्यात गोंधळ होतो, कारण तिथे लोक छत्रीपण 'ता' करतात आणि टॅक्सीपण.

मी काय करतो, सुटं क्रियापद लिहितच नाही, कर्मासकट जोडी लिहितो. ता त्येन-ह्वा म्हणजे फोन करणे, ता सान छत्री धरणे, ता चन इंजेक्शन देणे किंवा घेणे, ता छ टॅक्सी करणे, ता लान-छ्यू बास्केटबॉल खेळणे. आपल्याला हे तसं सोपं जायला हवं, आपण नाही का गप्पा मारतो, शिट्टी मारतो, पोछा मारतो, त्यात कोण कुणाला मारतं!

१. प्लेकोसारख्या डिक्शनरी अ‍ॅपमध्ये शब्द उघडा, अर्थांची यादी सोडून थेट उदाहरणांवर जा.
२. रोज लागतील अशा पाचच जोड्या घ्या. एका कार्डावर एकच जोडी, मागे मराठी.
३. प्रत्येक जोडी एकदा फोडून बघा. 'एक फोन केला' म्हणजे ता-ल ई-क त्येन-ह्वा, झालं दाखवणारा 'ल' मध्ये घुसतो. ही फोड जमली की जोडी पक्की.

फक्त जोडी मनाने बनवू नका. बास्केटबॉलला 'ता' चालतं म्हणून फुटबॉललाही लावाल तर चुकेल, तिथे लाथ मारण्याचं 'थी' लागतं आणि गिटारला 'थान'. आणि हो, चिनीत शब्दाचा सूर (चढउतार) बदलला की अर्थही बदलतो, म्हणून 'ता'चा सूर चारांपैकी तिसरा, खालचा ठेवा, चौथ्या सुरात झटकन म्हटलात तर 'मोठा' होतो.