पेजर वाजलाच नाही! गेस्ट पेजर बनवताना या चुका टाळा

'रेंज कमी आहे.' हॉटेलात टेबल रिकामं होईपर्यंत ग्राहकाच्या हातात द्यायच्या, टेबल मिळालं की थरथरून बोलावणाऱ्या पेजरबद्दल तक्रार आली की ती बहुधा याच शब्दांत येते. मग ट्रान्समीटरची पॉवर वाढवा, मोठा अँटेना लावा, असा सपाटा सुरू होतो. मीही हे करून पाहिलंय आणि दोनदा तोंडावर आपटलोय. पेजर वाजला नाही एवढंच काउंटरवरच्या माणसाला दिसतं. का वाजला नाही, ते पेजर सांगत नाही, म्हणून सगळं खापर रेंजवर फुटतं.

चळतीतला सगळ्यात वरचा पेजर

एका ठिकाणाहून आलेली तक्रार मजेशीर होती. दुपारी सगळं ठीक, संध्याकाळी मात्र दोन-चार पेजर मुके. रेडिओला काही संध्याकाळ कळत नाही, म्हणून जाऊन बघितलं. पेजर एकावर एक रचून चार्ज होत होते. शेवटी परत आलेला पेजर चळतीच्या वर बसतो आणि पुढच्या ग्राहकाला पहिला तोच दिला जातो. म्हणजे सगळ्यात जास्त राबणारा पेजर वरचा, आणि सगळ्यात कमी चार्ज होणाराही वरचाच.

गणित मांडून बघा. १५ पेजरची चळत, प्रत्येकाला १०० मिलिअँपिअर. वरच्या सगळ्यांचा करंट खालच्यांच्या कॉन्टॅक्टमधून जातो, त्यामुळे तळाच्या जोडावर १.५ अँपिअर. प्रत्येक थरात प्लस-मायनस मिळून ०.१ ओहम रेझिस्टन्स धरला, तर वरपर्यंत पोचताना १.२ व्होल्ट गळतात. खाली ५ व्होल्ट दिले तरी वर ३.८ च उरतात आणि लिथियम-आयन सेल तर ४.२ व्होल्टपर्यंत भरायचा असतो. रात्रभर चळत तशीच राहिली तर खालचे भरतात, करंट उतरतो आणि वरच्यांची पाळी येते. दुपारच्या दीड-दोन तासांत ती येत नाही. संध्याकाळचं कोडं ते एवढंच. शिवाय ०.१ ओहम हा नव्या, स्वच्छ कॉन्टॅक्टचा आकडा. महिनाभराचे तेलकट हात लागल्यावर तो कुठे जातो ते मोजून बघाच.

उपाय म्हणजे चळतीला १२ व्होल्ट द्या आणि प्रत्येक पेजरमध्ये छोटा स्विचिंग कन्व्हर्टर, म्हणजे फारशी उष्णता न करता व्होल्टेज उतरवणारं सर्किट, बसवा. कॉन्टॅक्टमधला करंट निम्म्याहून खाली येतो आणि थोडी गळती झाली तरी चालते. इथे पैसे वाचवायला लीनियर रेग्युलेटर, म्हणजे जादा व्होल्टेज नुसतं उष्णतेत घालवणारा भाग, लावू नका. १२ वरून ३.८ वर येताना १०० मिलिअँपिअरला ०.८ वॅट नुसती उष्णता होते. १५ पेजरची मिळून १२ वॅट, तीही एकमेकांना चिकटलेल्या डब्यांत. लिथियम-आयन सेल साधारणपणे ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नये असं सांगतात, तेव्हा सेलला चिकटून थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा भाग, हवाच. कॉन्टॅक्ट सोन्याचा मुलामा असलेले घ्या आणि ठेवताना जरासे घासले जातील असे स्प्रिंगचे ठेवा. त्या घासण्यानेच ते साफ राहतात.

एकदा 'घुर्र' आणि खेळ खलास

पेजर हातात एकदा थरथरतो, दिवे लागतात आणि लगेच सगळं शांत. ग्राहकाला वाटतं चुकून वाजला. व्हायब्रेशन मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट ओढते, त्याच क्षणी सगळे एलईडी पेटतात, अर्ध्या उतरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो आणि मायक्रोकंट्रोलर, म्हणजे पेजर चालवणारी चिप, रीसेट होतो. पुन्हा जागा झाल्यावर आपल्याला बोलावलं होतं हेच तो विसरलेला असतो.

टेबलावरच्या पॉवर सप्लायवर हे कधीच दिसत नाही, कारण तो सप्लाय दमत नाही. चाचणी जुन्या, पाव भरलेल्या सेलवर करा. मोटर आधी सुरू करून दिवे शंभरेक मिलिसेकंदांनी लावा. आलेला कॉल रीसेटनंतरही टिकेल अशा जागी लिहून ठेवा. आणि रीसेट का झाला याची नोंद वाचून मोजत राहा. दुरुस्तीला आलेल्या पेजरमध्ये तो आकडा बघितला की निम्मा तपास तिथेच होतो.

कधी वाजतो, कधी नाही

हे सगळ्यात छळणारं दुखणं. रिसीव्हर सतत चालू ठेवला तर १५ मिलिअँपिअर खातो, ५०० एमएएचचा सेल दीड दिवसही पुरत नाही. म्हणून तो झोपवायचा, मधूनमधून क्षणभर उठवून कान द्यायचा. ट्रान्समीटरने खऱ्या संदेशाआधी प्रिअँबल, म्हणजे एक-शून्य-एक-शून्य असा ओळखीचा सूर, पेजरच्या झोपेपेक्षा जास्त वेळ लावून धरला पाहिजे.

पॉक्सॅग या पेजिंगच्या जुन्या पद्धतीत हा प्रिअँबल किमान ५७६ बिटांचा असतो. ५१२ बिट प्रति सेकंद या वेगाला तो १.१२५ सेकंद चालतो. आता कोणीतरी 'जरा फास्ट करू' म्हणून वेग १२०० केला. तेच ५७६ बिट आता ०.४८ सेकंदात संपतात, आणि पेजर मात्र अजून सेकंदाने एकदाच उठतोय. दर दोन हाकांतली एक हवेत. फील्डमध्ये हे हुबेहूब कमी रेंजसारखं दिसतं. फरक एवढाच की पेजर ट्रान्समीटरच्या शेजारी ठेवला तरी तसंच होतं. म्हणून पहिली चाचणी नेहमी ही: दोन मीटरवर ठेवा, शंभर वेळा बोलवा, मोजा. तिथेच चुकत असेल तर अँटेनाला हात लावू नका.

आणि खरंच रेंज कमी असेल तर

समजा पेजर ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याची तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर, पाव तरंगाचा अँटेना १७ सेंटिमीटर. पेजरची चकती जेमतेम १० सेंटिमीटरची. अँटेना गुंडाळावा लागतो, आणि असा गुंडाळलेला अँटेना आजूबाजूच्या प्रत्येक गोष्टीवर रुसतो: बॅटरी, मोटर, तळहात, स्टीलचं टेबल. उघड्या बोर्डवर ट्यून करून डब्यात घातला की त्याचं ट्यूनिंग सरकलंच म्हणून समजा. डबा बंद करून, बॅटरी बसवून ट्यून करा. मग धातूच्या टेबलावर, मुठीत आणि पिशवीच्या तळाशी ठेवून बघा.

फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टलही विसरू नका. ±२० पीपीएम (दहा लाखांत वीस भागांची चूक) म्हणजे या फ्रिक्वेन्सीला ८.७ किलोहर्ट्झ, आणि ट्रान्समीटर आणि रिसीव्हर उलट दिशेला सरकले तर १७. रिसीव्हरचा फिल्टर त्याहून अरुंद ठेवला तर ठरावीक जोड्यांचंच जमणार नाही. बाकी, ट्रान्समीटर काउंटरखालच्या स्टीलच्या कपाटात कोंबलेला नाही ना, एवढं आधी बघा. हसू नका, बऱ्याचदा तिथेच असतो.

सात नंबर, पण कोणाचा?

शेजारीशेजारी दोन ठिकाणी एकाच बनावटीचे पेजर असले की इकडून सात नंबरला बोलावल्यावर तिकडचा सातही उठतो. प्रत्येक संदेशात त्या संचाची स्वतःची ओळख हवी, कारखान्यातच घातलेली. डिप स्विचवर, म्हणजे बोर्डवरच्या हाताने सरकवायच्या छोट्या बटणांवर, सोडली की सगळे जण शून्यावरच ठेवतात.

एकतर्फी पेजर पोच देत नाही, त्यामुळे संदेश चार-पाच वेळा पाठवावा लागतो. त्यात प्रत्येक हाकेचा क्रमांक घाला. नाहीतर ग्राहकाने पेजर परत केला, तुम्ही तो पुढच्याला दिला, आणि मागच्याची उरलेली हाक त्याच्या हातात वाजते. चार्जिंगवर ठेवताच जुना कॉल पुसला गेला पाहिजे.

'बंद हो' म्हटलं तरी पेजर वाजतच राहतो, हेही ऐकलं असेल. मोटरच्या ब्रशचा आणि एलईडीच्या पीडब्ल्यूएमचा (प्रकाश कमी-जास्त करायला केलेल्या झटपट चालू-बंदचा) गोंगाट रिसीव्हरच्या कानात जातो आणि वाजताना त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. दोन थरथरींमध्ये सगळं बंद ठेवून तेवढ्यात ऐकायचं. दिव्यांची उघडझाप सेकंदाला तीनपेक्षा जास्त नको, प्रकाशाच्या झगमगाटाने ज्यांना फिट येते त्यांच्यासाठी ही काळजी आहे. आणि नुसता लाल-हिरवा फरक दाखवू नका, सगळ्यांना तो दिसत नाही.

शेवटी, ग्राहक फिरत फिरत खरोखरच लांब जातो तेव्हाचं. काउंटरवरच्या ट्रान्समीटरने दर काही सेकंदांनी एक छोटा बीकन, म्हणजे 'मी इथे आहे' एवढंच सांगणारा संदेश, सोडावा. पेजरला एक चुकला तर गप्प राहू दे, ओळीने चार-पाच चुकले की त्याने स्वतःच हलकंसं थरथरून 'मला काही ऐकू येत नाही' असं सांगावं. पहिल्या आवृत्तीत आम्ही एकाच चुकलेल्या बीकनवर हे केलं होतं, आणि लिफ्टमध्ये शिरलेला प्रत्येक माणूस टेबल मिळालं समजून उलटपावली काउंटरवर येत होता.