दोन अ‍ॅम्प, एक गिटार आणि मधली घरघर

इलेक्ट्रिक गिटार एकाच वेळी दोन अ‍ॅम्पमधून वाजवली की सूर भरदार होतो, परंतु बहुतेकदा त्याच क्षणी एक जाड घरघरही सुरू होते. ती घालवण्यापूर्वी कोठून येते हे ठरवावे. दोन्ही अ‍ॅम्प आळीपाळीने एकेकटे जोडून ऐकावेत. एकेकटे शांत असलेले अ‍ॅम्प एकत्र जोडताच गुणगुणू लागले, तर दोष जवळजवळ निश्चितच अर्थ लूपचा असतो. एकाच अ‍ॅम्पवरही आवाज येत असेल आणि गिटार हातात धरून फिरवल्यावर तो कमीजास्त होत असेल, तर तो सिंगल कॉइल पिकअपने (तारांची कंपने टिपणाऱ्या, एकाच वेटोळ्याच्या चुंबकी भागाने) आसपासच्या ट्रान्सफॉर्मरमधून किंवा डिमरमधून टिपलेला असतो, आणि पुढील उपायांनी तो जाणार नाही.

अर्थ लूप असा तयार होतो: दोन्ही अ‍ॅम्पच्या चॅसिस (धातूच्या चौकटी) आपापल्या तीन पिनी प्लगमधून इमारतीच्या अर्थिंगला जोडलेल्या असतातच, आणि गिटारची केबल दोघांत विभागली की तिचे बाहेरचे जाळीदार आवरण त्या चॅसिस दुसऱ्यांदा एकमेकींना जोडते. या कड्यातून वीजपुरवठ्याचा अल्पसा प्रवाह फिरतो आणि 50 हर्ट्झचा, त्याच्या पटींसह, गुणगुणाट स्पीकरमधून ऐकू येतो.

पहिला उपाय फुकटचा आहे. दोन्ही अ‍ॅम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावावेत आणि केबल एकमेकींजवळून न्याव्यात, म्हणजे कडे लहान होते. घरघर कमी होते, क्वचितच पूर्ण जाते.

येथेच अनेकजण एका अ‍ॅम्पची अर्थ पिन काढून टाकतात. आवाज थांबतो खरा, पण ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. अ‍ॅम्पमध्ये बिघाड होऊन चॅसिसला वीज लागली, तर ती तारांवरच्या बोटांतून वाट काढू शकते. 1972 मध्ये वेल्समधील स्वॉन्झी येथे गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मंचावरच मरण पावला. आपल्या जुन्या घरांत तर बोर्डाच्या तिसऱ्या छिद्रामागे कधीकधी तारच नसते, तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आधी तपासून घ्यावे.

योग्य उपाय म्हणजे फक्त केबलचा जोड तोडणे. त्यासाठी एका आउटपुटवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला एबीवाय बॉक्स, म्हणजे गिटारचा सूर एका किंवा दोन्ही अ‍ॅम्पकडे पाठवणारा डबा, घ्यावा. त्यात ध्वनी चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, पण दोन्ही बाजूंच्या अर्थमध्ये तारेचा संबंध उरत नाही. एका टोकाची दोन टोके करणाऱ्या साध्या वाय केबलने हे साधत नाही. ट्रान्सफॉर्मर गिटारला थेट जोडल्यास पिकअपवर भार पडून सूर मंद होतो, म्हणून आधी बफर, म्हणजे पिकअपवर भार पडू न देता सूर पुढे पाठवणारे सर्किट, हवा. बफर असलेला कोणताही चालू पेडल (सूर बदलणारा, पायाने दाबायचा डबा) हे काम करतो. डिले किंवा कोरसच्या स्टीरिओ पेडलमधून दोन अ‍ॅम्पकडे जाणाऱ्यांनी दोहोंपैकी एकाच आउटपुटवर ट्रान्सफॉर्मर लावावा.

एवढे करूनही आवाज उरला, तर कडे दुसरीकडून जुळलेले असते: दोन्ही अ‍ॅम्पना जोडणारी फूटस्विचची केबल, किंवा एकमेकींना टेकलेल्या धातूच्या चॅसिस. एकाच अडॅप्टरवर साखळीने जोडलेले पेडलही कुरकुरतात, तेथे प्रत्येक आउटपुट स्वतंत्र असलेला पॉवर सप्लाय लागतो.

शेवटी दोन्ही अ‍ॅम्प एकत्र वाजवून पाहावेत. खर्ज अचानक पातळ वाटला, तर ते एकमेकांच्या उलट दिशेने ढकलत आहेत, आणि बॉक्सवरील पोलॅरिटीचे बटण दाबताच तो परत येतो.