पोरं कॉन्फिडन्ट हवीत, पण डोक्यावर बसलेली नकोत

बऱ्याच आईबाबांच्या डोक्यात एक हिशोब पक्का बसलेला असतो, जास्त लाड केले तर पोर शेफारणार, कमी केले तर बुजरं होणार, म्हणून मग प्रेमसुद्धा औषधासारखं मोजून द्यायचं. मला हा हिशोबच पटत नाही. मायेने कोणी शेफारत नाही हो. शेफारतात ती "आमचं पिल्लू म्हणजे काही वेगळंच, बाकीच्या पोरांसारखं नाही" हे दिवसरात्र ऐकून. 2015 मध्ये मानसशास्त्रज्ञ एडी ब्रुमेलमन आणि त्याच्या टीमचा नेदरलँड्समधल्या 565 मुलांवरचा अभ्यास आला होता, मुलं 7 ते 11 वर्षांची, त्यात हे दोन्ही प्रकार चक्क वेगवेगळे निघाले. घरात माया मिळणाऱ्या पोरांचा स्वतःवरचा विश्वास वाढला, आणि ज्यांचे आईबाप त्यांना इतरांपेक्षा वरचढ समजत होते ती पोरं पुढे स्वतःला जगापेक्षा भारी समजायला लागली. त्यामुळे जवळ घ्या, ऐकून घ्या, वेळ द्या, त्यात अजिबात कंजूषी नको. फक्त तुलना बंद करा, चांगली तुलना पण.

आता कौतुक कसं करायचं. 1998 मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी सोडवायला दिली, मग काहींना म्हणाले तू हुशार आहेस आणि काहींना म्हणाले तू मेहनत घेतलीस. हुशार म्हटलेली मुलं नंतर सोपी कोडी मागायला लागली, आणि आपला स्कोअर दुसऱ्यांना सांगताना त्यांनी थापाही जास्त मारल्या. साहजिक आहे, हुशार हा शिक्का एकदा बसला की तो सांभाळत बसावं लागतं ना.

म्हणून पोरगं चित्र घेऊन आलं की मोबाईलवरून नजर न काढता "वॉव, सुपर" असं फेकू नका. चित्र हातात घ्या, नीट बघा, आणि जे दिसतंय तेवढंच बोला, "अरे, झाडाची मुळं पण काढलीस, आणि हा माणूस उलटा का चालतोय?" मग गप्प बसा. पुढची दहा मिनिटं पोरगंच बोलत राहील, आणि आपण केलेलं कोणीतरी खरंच बघितलं हे त्याला कळेल, त्याला टाळ्यांची गरजच पडत नाही.

पण खरा कॉन्फिडन्स येतो तो कामातून, हे मी परत परत सांगेन. घरातली कामं द्या, आणि खोटी नाही, खरी. तीन वर्षांचं पोर आपले मळके कपडे धुवायच्या ढिगात नेऊन टाकू शकतं, सहा-सात वर्षांचं झाडांना पाणी घालू शकतं, टॉवेल घडी करू शकतं, दहा वर्षांच्याने स्वतःची बॅग स्वतःच भरायची, याला सूट नाही. टॉवेलची घडी वाकडीतिकडी होणार, एक कोपरा बाहेर लोंबणार, ती तशीच कपाटात ठेवा. त्याच्यासमोर उलगडून परत घडी केलीत की संपलं, पोर मनात म्हणतं माझ्याने काही होत नाही, आणि शिवाय हेही शिकतं की वाकडं केलं की आई करते!

आणि या कामांचे पैसे किंवा बक्षीस देऊ नका प्लीज. वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये 20 महिन्यांच्या बाळांवर बघितलं होतं, म्हणजे धड बोलता पण येत नाही त्या वयात, मदत केल्यावर ज्यांना वस्तू मिळाली ती पुढे आपणहून कमी मदत करायला लागली. पॉकेटमनी द्यायचा तर द्या, पण वेगळा, कामाला चिकटवून नको.

"नाही" म्हणायचा भाग सगळ्यात अवघड, इथेच सगळे घसरतात. पोर रडून वस्तू मिळवत असेल आणि तुम्ही एक दिवस द्यायचं बंद केलं, तर रडणं बऱ्याचदा आधी वाढतं, कमी होत नाही. आवाज चढतो, लोळण घेतली जाते. नेमकं त्याच टोकाला आपण वैतागून "घे बाबा एकदाचं" म्हणतो, आणि पोर काय शिकतं, की एवढं ओरडलं तर मिळतं, पुढच्या वेळी सुरुवातच तिथून. त्यापेक्षा शेवटपर्यंत टिकवता येणार नसेल तर नाही म्हणूच नका, पहिल्या फटक्यात हो म्हणा. आणि नाही म्हणालात की शेजारी बसा, "राग आलाय ना, येऊ दे, पण आज घेणार नाही", बास. लेक्चर नको, धमकी नको. आजी-आजोबांशी हे आधीच बोलून ठेवा, पोरासमोर वाद घातलात तर कोणाकडे गेलं की काम होतं हे त्याला बरोब्बर कळतं.

खेळात मुद्दाम हरत राहणं पण सोडा. चार वर्षांच्या पोराशी कधीतरी ठीक आहे, आठ वर्षांच्याशी नको, हरल्यावर पट उधळला तर सोंगट्या त्यानेच गोळा करायच्या.

आणखी एक, तुम्ही स्वतः वॉचमनशी, ड्रायव्हरशी, फोनवरच्या कस्टमर केअरवाल्याशी कसं बोलता ते पोरं टिपत असतात. तुम्ही खेकसता आणि पोराने मात्र थँक्यू म्हणावं असं होत नसतं.

मूल आधीच नऊ-दहा वर्षांचं असेल आणि सवयी बिघडल्या असतील तर सगळं एकदम बदलायला जाऊ नका, घरात युद्ध होईल. एकच गोष्ट निवडा, शांत वेळ बघून आधी सांगा की सोमवारपासून हे तुझं काम. बॅगेपासून सुरुवात केलेली सगळ्यात बरी, वही घरी राहिली तर तुम्ही धावत नेऊन द्यायची नाही एवढंच पाळायचं, बाकीचं बोलणं वर्गातल्या बाई बोलतात.